रिद्धीच्या डोक्यातलं पाणी

माझ्या नातीचं डोकं वाढत होतं आणि मी तिला मोठी टोपडी शिवत होते. चूक इथूनच सुरू झाली, म्हणून इथूनच सांगते.

मी भाईंदर पश्चिमेला मोरव्यात राहते. शाळा चौथीपर्यंत. बाळाला आणि बाळंतिणीला मालिश करायची, बाळाला न्हाऊ घालायचं, हे काम मी चाळीस वर्षं केलं. आधी गावातच करायचे, मग आजूबाजूला बिल्डिंगी झाल्या तशी तिकडेही जायला लागले. मराठी, गुजराती, मारवाडी, सगळ्यांची पोरं माझ्या पायांवर आंघोळ करून गेली. कोणाचं नाक चेपून सरळ केलं, कोणाचं डोकं गोल केलं. "मौसी के हाथ में जादू है," असं बायका म्हणायच्या आणि मी ते खरं मानायचे.

हे लिहा असं मला हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, आया आमचं ऐकतात. आज्या ऐकत नाहीत. तुम्ही आज्यांसाठी लिहा."

रिद्धी माझ्या मुलाची, दिनेशची, पहिली मुलगी. माझी सून प्रणाली मूळची रत्नागिरीची, वाढली मीरा रोडला. ती कपड्यांच्या कारखान्यात तयार माल तपासते. शिवणीतला एक टाका सुटला तरी तिला दिसतो. घरातही पहिल्यांदा तिलाच दिसलं.

रिद्धी चार महिन्यांची असताना ती म्हणाली, "आई, हिचं डोकं जरा मोठं वाटतंय ना?"

मी म्हटलं, "आमच्या घरात डोकी मोठीच हायत. तुझ्या नवऱ्याचं परातीएवढं होतं. त्यात काय भरलंय ते तू बघतेसच."

ती हसली. दिनेशही हसला. विषय संपला. नंतर तिने अजून दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी तिला असंच गप्प केलं.

*

टाळूवर तेल मी रोज घालायचे. आमच्यात मानतात की टाळूत खड्डा दिसला तर बाळ सुकलं, आणि टाळू वर आली तर बाळाने अंग धरलं. पाचव्या महिन्यात रिद्धीची टाळू अशी वर आली की बोटाला घट्ट लागायची. मी शेजारच्या सुमनला बोलावून दाखवली. "हात लावून बघ. एवढ्या लवकर कोणाची भरलेली मी बघितली न्हाय." सुमननेही हात लावला आणि म्हणाली, "वहिनी, तुमचं तेल कुठलं?"

कपाळावर निळ्या शिरा दिसायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं पोर गोरी आहे. दूध ओकायला लागली, तर म्हटलं अधाशी आहे. मान धरत नव्हती, तर म्हटलं बापावर गेली, त्यानेही सगळं सावकाश केलं. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं. चाळीस वर्षं काम केलं की उत्तरं आपोआप येतात, विचार करावा लागत नाही.

सातवा महिना लागला तेव्हा राहिलेली एक लस द्यायला आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. तिथल्या नर्सने लस बाजूला ठेवली आणि रिद्धीच्या डोळ्यांकडे बघत राहिली. रिद्धीची बुबुळं खाली गेल्यासारखी दिसायची, वर पांढरं जास्त. ते मला दिसत होतं. मला वाटायचं झोप आलीय.

नर्सने टेप काढून डोकं मोजलं. परत मोजलं. मग कार्डावर बघितलं आणि मला नाही, प्रणालीला म्हणाली, "आजच डॉक्टरांना दाखवा. उद्या नको."

भाईंदरच्याच एका लहान मुलांच्या डॉक्टरांनी टाळूवर जेली लावून सोनोग्राफी करायला लावली. ती बघून ते म्हणाले, "मेंदूच्या आत पाणी असतं, ते सगळ्यांच्यातच असतं. हिच्या पाण्याची पुढे जायची वाट अडलीय. ते साचतंय, म्हणून डोकं वाढतंय. आत मेंदूवर दाब पडतोय."

प्रणालीने विचारलं, "आणि डोळे?"

"डोळ्यांवरही दाब आहे. मोठ्या हॉस्पिटलात न्या. चिठ्ठी देतो."

घरी आल्यावर मी टोपडी काढली. चार होती. एकात एक घालून पाहिली, चारही बसली. माप माझ्याच हातात होतं.

*

मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात रिद्धीला भरती केलं. एक तरुण डॉक्टर कागद घेऊन माहिती लिहायला बसला. त्याने विचारलं, "डोकं मोठं होतंय हे कधी लक्षात आलं?"

प्रणाली म्हणाली, "दोनेक आठवडे झाले असतील."

ती मला झाकत होती. मी म्हटलं, "तीन महिने. हिने सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाय. तसं लिहा."

डॉक्टर म्हणाला, "आजी, कोणाची चूक ते नाही विचारत मी."

"चूक कोणाची ते मीही न्हाय सांगत. दोन आठवडे समजून भलतंच औषध देशील, म्हणून सांगते."

त्याने खोडून लिहिलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर प्रणाली माझ्यावर उसळली. लग्नाला चार वर्षं झाली होती, तिने कधी आवाज चढवला नव्हता.

"मी तुम्हाला वाचवत होते आणि तुम्हाला तिथेही तुमचंच खरं करायचं होतं. तीन महिने तीन महिने. मला माहितीय तीन महिने. मी रोज मोजत होते मनात. मी आई आहे तिची आणि मी तुम्हाला घाबरून गप्प बसले." मग ती हळू म्हणाली, "आता तुम्ही हिला हात लावू नका."

दिनेश मध्ये बोलायला गेला. मी त्याला म्हटलं, "तू गप रे."

मी हात लावला नाही. आठ दिवस. लोकांना वाटेल यात काय. ज्या बाईच्या हाताला चाळीस वर्षं रोज बाळ होतं, तिने समोरच्या रडणाऱ्या नातीला उचलायचं नाही म्हणजे काय, ते आज्यांना कळेल. पण सून चूक बोलली असं मला तेव्हाही वाटलं नाही.

*

ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या मॅडम बुटक्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला, बोलायला सरळ. त्यांनी आम्हाला बसवून सांगितलं की दोन रस्ते आहेत. एक म्हणजे डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी टाकायची. पाणी पोटात जातं आणि जिरतं. नळी बहुतेक जन्मभर राहते, कधी अडते, कधी बदलावी लागते. दुसरा रस्ता दुर्बिणीचा. टाळूच्या कडेने बारीक दुर्बीण आत घालायची आणि मेंदूच्या आतल्या तळाला एक छोटं भोक पाडायचं. पाणी तिथून वाट काढतं. आत काही ठेवावं लागत नाही.

"पण लहान बाळात ते भोक बुजू शकतं," मॅडम म्हणाल्या. "बुजलं तर बहुतेक पहिल्या काही महिन्यांत बुजतं. क्वचित खूप उशिरानेही. तेव्हा परत यावं लागेल, कदाचित नळी टाकावी लागेल. हे ऐकून मग ठरवा."

दिनेशच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला काही समजलं नाही. माझा नवरा मिठागरात कामाला होता. मी मॅडमना विचारलं, "मिठागरात पाणी जायची वाट गाळाने बुजली की बांधाला दुसरीकडे तोंड पाडतात. तसंच ना?"

"अगदी तसंच. आणि त्या तोंडातही परत गाळ येऊ शकतो. तेही तसंच."

मग दिनेशला समजलं. त्याने विचारलं, "मॅडम, तुमची मुलगी असती तर?"

"तर मीही घाबरले असते. पण हिची वाट जिथे अडलीय आणि हिचं जे वय आहे, त्यात दुर्बिणीने जमायची आशा चांगली आहे. खात्री नाही देत."

सही प्रणालीने केली. उठताना मी विचारलं, कारण तो प्रश्न घेऊन मला घरी जायचं नव्हतं. "माझ्या मालिशीने झालं का हे?"

"नाही. तेलाने टाळू भरतही नाही आणि बिघडतही नाही. वाट जन्मापासूनच अरुंद होती. पण टाळू घट्ट लागली तेव्हाच यायला हवं होतं."

दोन्ही गोष्टी बोलल्या. नुसतं पहिलं बोलल्या असत्या तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.

*

वॉर्डात बाळाजवळ एकालाच थांबू द्यायचे. प्रणाली आत, आम्ही दोघं बाहेर. सकाळी मोठे डॉक्टर येऊन जायचे, तोवर खाट आवरलेली पाहिजे. मग सुया, मग रक्त, मग परत दूध पाजा, परत ओकली तर सिस्टरला सांगा. शेजारच्या खाटेवर नालासोपाऱ्याची रेखा होती, जौनपूरकडची. तिच्या मुलाला नळी टाकली होती. तिने प्रणालीला डोकं उंच धरून पाजायला शिकवलं आणि एक दिवस तिला ओरडलीही. "पहले तुम खाओ. तुम गिरोगी तो दो मरीज हो जाएंगे, बेड एक ही है."

मी रोज घरून डबा न्यायचे. तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. दुसऱ्या दिवशी सिस्टर दारात उभी.

"मावशी, वॉर्डभर वास सुटलाय."

"सुकट हाय. वास येणारच."

"मी पालघरची आहे. उद्या मला पण आणा."

तेव्हापासून मला दारातून दोन मिनिटं आत बघायला मिळायला लागलं. लाच म्हणायची तर म्हणा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगण्यात आलं की डोक्यावरचे केस काढायला न्हावी येईल. आमच्यात बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर काढतात आणि ते केस देवीला वाहतात. मी काही बोलले नाही. हात लावू नको सांगितलेल्या बाईने रीतीभाती काढू नयेत. प्रणालीच दारात आली आणि दिनेशला म्हणाली, "सचिनला बोलवून घ्या. मामा लागेल."

सचिन मीरा रोडहून कामावरच्या कपड्यांतच आला. सिस्टरने त्याला आत घेतलं आणि मलाही दारापाशी उभं राहू दिलं. तो स्टुलावर बसला, रिद्धीला मांडीवर घेतलं आणि त्याने डोळे घट्ट मिटले.

मी दारातून म्हटलं, "डोळे उघड रे. तुझी हजामत न्हाय."

न्हावी म्हणाला, "सिर्फ आगे का निकालना है."

मी म्हटलं, "आधा निकालके क्या करेगा? पूरा निकालो. मामा आया है."

रिद्धी रडली नाही. त्या दिवसांत ती रडायचीही कमी, नुसती पेंगायची, तेच वाईट होतं. केस बोटभर होते, मऊ. न्हावी ते कागदात गुंडाळून टाकायला निघाला. प्रणालीने त्याच्या हातातून कागद घेतला, दारापर्यंत आली आणि मला दिला. "धरा," म्हणाली. एवढंच.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. दिनेश खाली चहाला गेला, वर आला, परत खाली चहाला गेला. चार वेळा तरी गेला असेल. बाकावर मी आणि प्रणाली. ती म्हणाली, "तुम्हाला रडू नाही येत?"

"येतं. पण घरात एकीच्या डोक्यात पाणी झालंय तेवढं पुरे."

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता परत चिडेल. तिच्या तोंडून हसल्यासारखा आवाज निघाला आणि मग ती खूप रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सुनेला हात लावायला मनाई नव्हती.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा डोक्यावरची टोपी कपाळापर्यंत घामाने ओली होती. "भोक चांगलं पडलंय. पाणी त्यातून हलताना दिसलं. आता वाट बघायची."

त्यानंतरचे दोन दिवस काचेपलीकडून बघण्यात गेले. डोक्याला पट्टी, हाताला सुई. तिसऱ्या दिवशी वॉर्डात आणलं. चौथ्या दिवशी राऊंडला मॅडमनी मला आत बोलावून घेतलं.

"मालिशवाल्या आजी तुम्हीच ना? हात धुवून या."

मी कोपरापर्यंत धुतले. प्रणालीने रिद्धीला मांडीवर बसतं धरलं होतं, ती शांत होती. मॅडमनी माझी दोन बोटं धरून जखमेपासून लांब टाळूवर ठेवली. मऊ होती. थोडी आत गेलेली. माझ्या बोटांना ती ओळखीची वाटली नाही, इतके महिने मी दुसरंच काही चाचपत होते.

"बाळ शांत असताना, बसवून, अशी लागली पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "घट्ट लागली तर आम्हाला फोन करायचा. तेल घालत बसायचं नाही. ही बोटं मला रोज पाहिजेत."

मी प्रणालीकडे बघितलं. ती म्हणाली, "रोज सकाळी तुम्हीच बघा. पण जे लागेल ते मला सांगायचं. जे असेल ते."

"सांगेन."

*

ऑपरेशन झालं की सगळं संपलं असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. घरी आल्यावर खरी भीती सुरू होते. रोज सकाळी चहाच्याही आधी मी टाळू बघायचे आणि प्रणालीला सांगायचे, "मऊ." दर रविवारी ती डोकं मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची. कधी रिद्धी जास्त झोपली की आम्ही तिला उगाच उठवायचो. एकदा ओकली, तर दिनेश चपला न घालता रिक्षा बघायला धावला. ती सर्दी निघाली.

तारोडीची माझी नणंद अंगारा घेऊन आली. "वयनी, डोक्याला लाव पोरीच्या."

मी म्हटलं, "दाराला लावते. डोकं मॅडमचं हाय."

ती रागावून चहा न पिता गेली. पुढच्या आठवड्यात बोंबील घेऊन परत आली.

खरं तेच सांगते. रिद्धी अकराव्या महिन्यात बसली, दोन वर्षांची होत आली तेव्हा चालली. बोलायला तर फार उशीर. अडीच वर्षांची झाली तरी एकेक शब्दच. तीन महिने आधी गेलो असतो तर फरक पडला असता का, हे मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "पडला असता किंवा नसताही. मला माहीत नाही." मलाही नाही. ते आता माझ्यासोबत राहणार.

आज्यांना सांगते. मालिश करा, तेलाने काही बिघडत नाही. पण प्रत्येक लसीच्या वेळी नर्सला डोकं मोजायला सांगा आणि कार्डावर लिहून घ्या. बाळ शांत बसलेलं असताना टाळू घट्ट आणि वर आलेली लागली, टोपडी भराभर लहान होऊ लागली, डोळे खाली गेलेले दिसले, तर थांबू नका. आणि सून काही म्हणाली तर तिला हसवून गप्प करू नका.

*

आता मागच्या उन्हाळ्यातलं. तोवर रिद्धीची टाळू बंद झाली होती. सगळ्या मुलांची होते. चांगलीच गोष्ट, पण माझ्या बोटांना आता काही कळत नव्हतं.

दुपारी ती ओकली. परत ओकली. मग मांडीवर डोकं टाकून पडली, डोळे अर्धे मिटलेले. हाक मारली तर नुसतं हूं. मी कपाळावर हात ठेवला, मानेला हात लावला. काही सांगता येईना. प्रणालीला कामावर फोन केला.

"आई, टाळू," ती म्हणाली आणि मग तिलाच आठवलं.

"बंद हाय," मी म्हटलं. "तू ये."

तिला यायला वीस मिनिटं लागली. टॅक्सी करून निघालो. रिद्धी तिसऱ्यांदा माझ्या लुगड्यावर ओकली. मॅडमनी सांगितलं होतं, क्वचित खूप उशिरानेही. आम्ही दोघी तेच एक वाक्य घेऊन बसलो होतो.

हॉस्पिटलात लगेच आत घेतलं. स्कॅन केला. मॅडम स्वतः आल्या, चष्मा डोक्यावर. "भोक उघडं आहे. पाणी व्यवस्थित वाहतंय. डोक्यात काही नाही." मग त्यांनी रिद्धीचं पोट दाबून पाहिलं. "आज खाल्लं काय हिने?"

प्रणालीने माझ्याकडे बघितलं.

"ताडगोळे," मी म्हटलं. "उत्तनची बाई दारावर आली होती."

"किती?"

"ती मागत गेली, मी सोलत गेले."

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं. प्रणाली भिंतीला टेकून खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली. आतून सिस्टर बघायला आली की काय झालं. माझ्या लुगड्याला आंबूस वास येत होता आणि मी जागची हलले नाही. नातीच्या उलटीचा एवढा आनंद झालेली आजी त्या हॉस्पिटलात मी पहिलीच असेन.

संध्याकाळी सलाईन संपल्यावर सोडलं. टॅक्सी दहिसरच्या नाक्यापाशी अडकली होती. रिद्धी माझ्या मांडीवर उठून बसली, खिडकीतून बाहेर बघितलं, मग माझ्या हनुवटीला धरून माझं तोंड तिच्याकडे वळवलं.

"आजी, अजून दे."

एकापुढे एक असे शब्द ती त्या दिवसापर्यंत कधी बोलली नव्हती. प्रणालीने तिचा हात धरला. ड्रायव्हरने आरशातून मागे बघितलं.

तिने परत सांगितलं, जरा रागाने. "आजी, अजून दे."

मी म्हटलं, "उद्या. एकच."